डोळ्याच्या पडद्याला एकादशी नसते

दारावर तीनदा टकटक झाली की माझ्या तोंडून अजूनही "आहे" असं निघतं. कुरिअरवाला असो, वरच्या मजल्यावरची माथुरआंटी असो, आधी "आहे" आणि मग दार. नवरा चिडवतो, शाळेत हजेरी देतेस का म्हणून. देऊ दे त्याला चिडवू. ज्या माणसानं ही सवय लावली त्याच्यासमोर उत्तर न देता बसून दाखवावं त्यानं.

सर सकाळी प्रयोगशाळेच्या दारावर तीनदा टकटक करायचे. दार उघडंच असायचं, आत आम्ही सगळे दिसायचो, तरी टकटक. आतून प्रत्येकानं "आहे" म्हणायचं. आमच्यात राजस्थानी मुलं होती, एक केरळची होती, पण "आहे" सगळ्यांना मराठीतच म्हणावं लागे. एखाद्यानं म्हटलं नाही, की सर उंबऱ्यावरच थांबत, चेहरा उतरलेला, आणि म्हणत, "आवाज द्या हो, आवाज द्या." मग उंदरांच्या खोलीकडे जाऊन तिथंही टकटक. उंदरांना ते अहो-जाहो करत. "बसा, बसा. पाणी प्यालात?" पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस सरकलेला आहे. तीन वर्षांनी वाटायला लागलं, आमच्यात शहाणा तेवढा हाच आहे.

मी भुसावळची, म्हणजे नावापुरती. वडील रेल्वेत सिग्नल खात्यात, त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी तिसरीत होते. मुरलीपुऱ्यात वाढले. घरात मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे माझ्या मराठीत 'मतलब' कधी घुसतो ते मलाच कळत नाही. एम.एस्सी. झाल्यावर सरांच्या प्रयोगशाळेत जागा निघाली म्हणून गेले. सर अमरावतीकडचे. चाळीस वर्षं जयपुरात काढली, पण पोह्यांवर तिखट तर्री नसली तर ताट सरकवून देणार. माझ्याशी कामाच्या वेळी अगदी पुस्तकी मराठी, सगळ्यांना 'तुम्ही'. राग आला किंवा भीती वाटली की मात्र वऱ्हाडी.

मुलाखतीत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. भिंतीवर एक चौकट होती, तिच्यासमोर स्टूल ठेवलं आणि म्हणाले, अर्धा तास बघा. चौकटीत डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो होता. नारिंगी गोल, त्यात एक पिवळसर टिकली, आणि तिच्यातून निघालेल्या बारीक लाल शिरा. अर्ध्या तासानं म्हणाले, आता चौकटीकडे पाठ करून बसा आणि कागदावर काढा. मी काढला. वेडावाकडा आला, पण एक गोष्ट बरोबर आली. खालच्या बाजूची शीर दोन फाट्यांत फुटते आणि ते दोन्ही फाटे पुढे जाऊन एकमेकांवरून जातात, दोरीला तिढा पडावा तसे. सरांनी त्या तिढ्यावर बोट ठेवलं, म्हणाले, सोमवारपासून या.

तो डोळा सरांचाच होता. पंचविशीतला, उजवा. ते शिकत होते तेव्हा त्यांच्या कॉलेजात असा कॅमेरा नवा आला होता आणि चाचणीसाठी बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून हे बसले. "राजस्थानातला सर्वांत निरोगी पडदा," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आणि स्वतःच खूश होत. नव्या मुलांना रोज सकाळी पाच मिनिटं त्या चौकटीसमोर उभं राहावंच लागे. निरोगी कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं, की रोगट आपोआप ओळखू येतं, असं त्यांचं म्हणणं. मी तर तीन वर्षं तो डोळा पाहिला. माझ्या आईचा चेहरा मी इतका निरखून कधी पाहिला नसेल.

आमचं काम मधुमेहाचं. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यात इन्सुलिनचा निरोप कसा पोचेनासा होतो, ते शोधायचं. सर हे टकटक करूनच शिकवायचे. इन्सुलिन पेशीच्या दारावर येतं आणि कडी वाजवतं. स्नायूंत ही कडी जेवल्यावर जोरात वाजते, दार उघडतं, साखर आत जाते. उपाशी असलो की कडी गप्प. "पण डोळ्याच्या पडद्याला एकादशी नसते," सर म्हणत. जेवा की उपाशी राहा, तिथं ती कडी एका लयीत हळूहळू वाजतच राहते. आणि गंमत मतलब अशी की पडद्याला साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतच नाही, ते दार उघडंच. मग कडी कशाला वाजते? तर तो निरोप साखरेचा नाहीच. तो निरोप आहे, जिवंत राहा. आतली पेशी म्हणते, आहे.

मधुमेह झाला की काय होतं? कडी वाजते, आतून कुणी "आहे" म्हणत नाही. आमच्या उंदरांत हे काही आठवड्यांतच दिसायचं, जेव्हा त्यांच्या शिरा अजून अगदी सुरेख असत. माणसांतही असंच होतं का, हे शोधण्यात सरांची उमर गेली. पेशी हळूहळू मरतात, आवाज नाही, दुखत नाही, दिसतंही सगळं नीट. शिरा गळायला लागतात, लाल ठिपके पडतात, ते फार पुढे. सर म्हणायचे, आपण ठिपके बघून घाबरतो, पण घाबरायची वेळ कधीच होऊन गेलेली असते. हे ऐकून पहिल्या दिवशी मी घरी गेले आणि दोन्ही डोळे आलटून पालटून झाकून कॅलेंडर वाचत बसले. आई म्हणाली, नोकरी लागली की वेड लागलं?

बाहेर सरांची दहशत होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सर आले की लोक मोदकाची वाटी पाठीमागे धरत. सर कुणाला मोदक खाऊ नका असं म्हणत नसत. ते फक्त जवळ जाऊन हळू आवाजात विचारत, डोळ्यांत थेंब टाकून शेवटचं कधी तपासलंत? बस्स. एवढ्यानं माणसाचा घास घशात अडकायचा. सी-स्कीम भागातल्या बँकेत एक मराठी मॅनेजर होते, त्यांनी तर सर दिसले की मागच्या दारानं जायचं ठेवलं होतं. कोपऱ्यावरचा मिठाईवाला तीजेच्या सणाच्या दिवसांत घेवर मांडून बसे, सर त्याच्या गिऱ्हाइकांना गाठून तेच विचारत, आणि तो बिचारा हात जोडून म्हणे, प्रोफेसरसाब, सीझन आहे, आज नका.

हसायचो आम्ही. पण एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं ते ऐकून हसू आटलं. त्यांचे वडील तालुक्याच्या गावी पोस्टमास्तर. मधुमेहानं दृष्टी गेली, पण त्यांनी ते वर्षभर घरात कुणाला कळू दिलं नाही. भिंतीला हात लावून चालायचे. सुट्टीत सर घरी गेले तर ओसरीपासून न्हाणीपर्यंत भिंतीवर कोपराच्या उंचीला एक काळपट रेघ पडलेली. आईला वाटायचं, ओल आली. "रेघ पाह्यली आन् मले समजलं," सर म्हणाले. मग उठून उंदरांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. पुढे थोरला भाऊही त्याच वाटेनं गेला, हे मला काकूंकडून कळलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी.

आता मला सांगा, ज्याच्या घरात असं झालंय आणि ज्यानं आयुष्यभर हेच काम केलंय, तो स्वतः तपासत असेल ना? आम्ही धरूनच चाललो होतो. सर गोड खात नसत, रोज चालत, मग विचारायचं काय? नवा कॅमेरा आला तेव्हा आम्ही सगळे हौसेनं त्याच्यासमोर हनुवटी टेकवून बसलो. सर बसले नाहीत. म्हणाले, माझा तर भिंतीवर आहे की. आम्ही हसलो. मेलं, हसलो आम्ही.

त्या कॅमेऱ्यावर मग माणसांचा अभ्यास सुरू झाला. काही मधुमेही, काही निरोगी, दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे फोटो. फोटो शेखावतजी काढायचे. भले, शांत गृहस्थ, मिशीला पीळ देत काम करणारे. ते प्रत्येक फोटोला एक नंबर देत, दर वेळी नवा. कुठला नंबर कुणाचा, हे एका पाकिटात बंद, पाकीट लोखंडी कपाटात, किल्ली सरांकडे. माझ्यासमोर नुसते नंबर यायचे. मी फोटो बघायचा आणि शून्य ते चार यांतला एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे स्वच्छ, चार म्हणजे फार वाईट. त्यापलीकडे एक अक्षर लिहायचं नाही, बोलायचं नाही, कुणाचा असेल याचा अंदाजसुद्धा करायचा नाही. माहीत असलं की माणूस आकडा बदलतो, असं सरांचं ठाम मत. दया आली की कमी करतो, भीती वाटली की जास्त.

मी सुरुवातीलाच विचारलं होतं, एखाद्याचा फारच वाईट दिसला तर? तर मधुमेही लोकांना डोळ्यांचे डॉक्टर वेगळे तपासतात, उपचार तिकडे चालू असतात, आपल्या आकड्यावर कुणाचं काही अडत नाही, असं उत्तर मिळालं. निरोगी गटात घेताना रक्ताची साखर बघितलेली असते, त्यांचा प्रश्नच नाही. मला पटलं. ज्या नियमानं जबाबदारी आपल्या डोक्यावरून जाते तो पटतोच.

थंडीचे दिवस होते, दुपारची वेळ. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून मी पडदा ओढून स्क्रीनसमोर बसले होते. पाच-सहा फोटो झाले आणि पुढचा उघडला. लाल ठिपके, दोन-चार ठिकाणी पिवळे डाग. दोन, मी मनात म्हटलं, आणि लिहायला खाली वाकणार तर नजर खालच्या शिरेवर गेली. दोन फाटे. पुढे जाऊन एकमेकांवरून गेलेले.

तिढा.

मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. पुन्हा भिंतीकडे. पडद्यावरच्या शिरा अंगठ्याच्या ठशासारख्या असतात, एकाच्या दुसऱ्याला नसतात, हे सरांनीच शिकवलेलं. पलीकडच्या खोलीत सर उंदरांशी बोलत होते. "काय म्हणता, थंडी वाजते का?" मी तो आवाज ऐकत, कागदावर 'दोन' लिहिलं, आणि पुढचा फोटो उघडला.

होय, गप्प बसले. कारणं माझ्याकडे ढीगभर होती. नियम आहे. माझी नजर चुकली असेल. सरांना माहीत असेलच, डॉक्टरकडे जातच असतील, एवढा मोठा माणूस, आपण कोण सांगणारे? सोनारानेच कान टोचावेत, आपण टोचायला गेलो तर रक्त निघायचं. पण खरं कारण एकच. मी बोलले की ते खरं होणार होतं. गप्प बसले तर निदान त्या खोलीत तरी सर राजस्थानातल्या सर्वांत निरोगी डोळ्याचे धनी राहणार होते. मी भित्री आहे, आजही आहे.

ते तीन महिने मी सरांना चोरून बघत काढले. चहाचा कप उचलताना त्यांचा हात आधी टेबलावर सरकत जातो का? जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय दोनदा टेकतात का? कधी वाटे हो, कधी वाटे माझ्याच मनाचे खेळ. भीती एकदा डोक्यात बसली की साधं खोकणंही संशयास्पद वाटतं. सकाळी टकटक व्हायची आणि मी "आहे" म्हणायचे, तेव्हा आवाज माझा मलाच खोटा वाटायचा.

आमच्या मजल्यावर जिन्यापासून सरांच्या खोलीपर्यंत लांब बोळ होता. दिवाळीला चुना मारलेला, पांढराफेक. होळीच्या आधी एक दिवस मी फायली घेऊन त्या बोळातून चालले होते, फायली जड म्हणून भिंतीला टेकून थांबले, आणि माझ्या कोपराशी काहीतरी दिसलं. पुसट, मळकट. मी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. जिन्यापासून खोलीच्या दारापर्यंत, एका उंचीवर, रेघ.

सर माझ्याएवढेच उंच होते.

त्याच आठवड्यात नवे फोटो आले. तिढा शोधावा लागला नाही, तोच वर आला. या वेळी ठिपके चारी बाजूंना होते आणि शिरा मण्यांच्या माळेसारख्या फुगल्या होत्या. तीन. मी तशीच उठून शेखावतजींकडे गेले. नियम मोडला, त्यांना सरळ विचारलं, सर फोटो काढून घेतात का? शेखावतजींनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, रविवारी एकटे येतात. निरोगी गटात एक माणूस कमी पडत होता, तर साब म्हणाले माझं नाव घाल. मी विचारलं, आणि डॉक्टर? साखर कुणी बघितली? शेखावतजी मिशीवरचा हात काढून म्हणाले, "निरोगीवालों को डॉक्टर के पास कौन भेजता है, मैडम? और साब की शुगर मैं पूछूँ?"

मतलब कुणीच बघत नव्हतं. सर डॉक्टरकडे जात असतील हा माझा आधार होता, तो गेला. तीन महिने त्या डोळ्याकडे जगात एकच माणूस बघत होता, आणि तो माणूस मी, आकडा लिहून पान उलटणारी.

सरांच्या खोलीच्या दारावर मी तीनदा टकटक केली. आतून आवाज आला, "आहे."

सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी उभ्या उभ्या म्हटलं, "सर, दोन होतं. आता तीन आहे."

त्यांनी वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे. मग म्हणाले, "पाकीट फोडलं तुम्ही?"

"नाही सर. तुम्हीच तर शिकवलाय तो डोळा. भिंतीवरचा."

त्यांनी हात टेबलावर ठेवले. मग खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि लगेच पुन्हा खिशात टाकली. चाळीस वर्षं दुसऱ्यांना घाबरवणारा माणूस असा घाबरलेला बघणं फार वाईट. मला पळून जावंसं वाटत होतं.

"मले वाटे तू ओळखशील," ते म्हणाले. 'तुम्ही' सुटलं होतं. "आन् वाटे, ओळखू नये."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी तहान वाढली, तेव्हाच कळलं होतं. साखर तपासली नाही. तपासली की वडिलांसारखं होणार, भावासारखं होणार, नाही तपासली तर नुसती तहान. मग आमचा अभ्यास निघाला आणि त्यांना वाट दिसली. शहरातले डोळ्यांचे डॉक्टर बहुतेक त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्यासमोर सर बसले असते तर कुणी खरं सांगितलं नसतं, कौतुकानं गोड बोलले असते. ज्याला माहीत नाही त्याचाच आकडा खरा. म्हणून आपला डोळा त्यांनी माझ्या ढिगाऱ्यात टाकला. आणि मग आकडा बघायची हिंमत झाली नाही. किल्ली खिशात होती, कपाट चार पावलांवर होतं. रोज मनाशी म्हणायचे, अभ्यास संपेपर्यंत पाकीट उघडायचं नाही, नियम म्हणजे नियम. तो नियम आम्हाला दोघांनाही किती सोयीचा पडला!

"दोन कधी होतं?" त्यांनी विचारलं.

"थंडीत. तीन महिने झाले."

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

मी एवढंच म्हणाले, "भ्याले, सर."

ते मान हलवत राहिले. "मी बी," म्हणाले. "मी बी, पोरी."

दुसऱ्याच दिवशी काकू आणि मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर त्यांचा विद्यार्थीच निघाला, पण गोड काही बोलला नाही. फोटो पाहून त्याचा चेहरा पडला आणि त्यानं आधी डावा डोळा तपासायला घेतला. आम्ही फक्त उजव्याचे फोटो घेत होतो, डाव्याकडे कुणीच बघितलं नव्हतं. डावा आणखी पुढे गेला होता. लेझरची तारीख मिळायच्या आधीच, आठवड्याभरात, त्यात आत रक्त उतरलं. सर म्हणाले, काळा धागा हलतोय. संध्याकाळपर्यंत धाग्याचं जाळं झालं आणि मग पूर्ण अंधार. उजव्याला लेझर वेळेवर झालं, तो राहिला, मोठी अक्षरं वाचण्यापुरता.

मी त्या डॉक्टरला एकट्याला गाठून विचारलं, तीन महिने आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. हे उत्तर कुणी कुणाला देऊ नये. हो म्हटलं असतं तर मी रडले असते, नाही म्हटलं असतं तर झोपले असते. सांगता येत नाही, याचं काय करायचं?

सरांनी मला कधी बोल लावला नाही. कामावर परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे अभ्यास थांबवला, पाकीट सगळ्यांसमोर फोडलं, आणि निरोगी गटात एक खोटा माणूस होता व तो मी, असं वरच्या समितीला लिहून दिलं. नाचक्की झाली, पुष्कळ झाली. सगळ्यांच्या तपासण्या नव्यानं करून अभ्यास पुन्हा सुरू झाला, आणि तीन आकडा आला तर त्याच दिवशी सांगायचं, असा नवा नियम सरांनी स्वतः घातला. मग माझ्याकडून एक चौकट करून घेतली. तोच उजवा डोळा, आताचा, लेझरच्या पांढुरक्या खुणा भरलेला. जुन्या चौकटीच्या शेजारी ठोकायला लावली. नवीन मुलं आता दोन्हींसमोर पाच पाच मिनिटं उभी राहतात. बोळातली रेघ मात्र त्यांनी पुसू दिली नाही, पुढच्या दिवाळीला चुनेवाल्यानं बुजवली तेवढीच.

निवृत्त झाल्यावर सर आणि काकू अमरावतीला गेले. दर महिन्याला आमचा फोन असतो. मी करते, सर उचलतात आणि फोनवर नखानं तीनदा टकटक करतात. मी म्हणते, "आहे." मग उंदरांची चौकशी, पोरांची चौकशी, हवापाणी.

आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. पस्तिशी उलटली होती, आईला होतीच, नवल काही नव्हतं. गोळ्या सुरू केल्या, चालणं सुरू केलं, भात कमी केला. आणि डोळे? नाही तपासले. मी! जी अजून त्याच प्रयोगशाळेत रोज दुसऱ्यांच्या डोळ्यांवर आकडे लिहिते ती! आमच्या कॅमेऱ्यावर बसले तर कुणीतरी ओळखेल, बाहेर गेले तर सुट्टी घ्यावी लागेल, उन्हाळा आहे, थेंब टाकल्यावर उन्हात त्रास होतो, मुलीची परीक्षा आहे. कारणांना काय तोटा? सरांना साखरेचं सांगितलं होतं. ते दर फोनला विचारायचे, "नंबर सांग." आणि मी, देवा, मी बिनदिक्कत सांगायचे, "शून्य, सर."

दोन वर्षं सांगितलं. ते खूश व्हायचे. काकूंना ओरडून सांगायचे, ऐकलं का, पोरीचा शून्य आहे.

मागच्या महिन्यात आंघोळीला जाताना माझा हात आमच्या घरातल्या भिंतीला लागला. निसरडं नव्हतं, अंधार नव्हता, दिसतही सगळं ठीक होतं. सहज लागला असेल, लोकांचे लागतातच. पण मी दिवा लावला, चष्मा घातला आणि खाली वाकून ती भिंत अख्खी बघितली. मुलगी विचारत होती, मम्मा, छिपकली है क्या? मी म्हटलं नाही. भिंतीवर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रताप नगरात घराजवळच एक तपासणी केंद्र आहे तिथं गेले. थेंब टाकले. हनुवटी टेकवली. मशीनवरची मुलगी फोटो बघून गोड हसली, म्हणाली, मैडम, डॉक्टर बताएँगे, टेंशन मत लो. मी तिला म्हटलं, स्क्रीन माझ्याकडे फिरव. थेंबांमुळे जवळचं धुरकट दिसत होतं, तरी चष्मा मागेपुढे करून बघितलं. उजवा स्वच्छ. डाव्यात, कडेला, तीन बारीक लाल ठिपके. मला आकडा कुणी सांगायची गरज नव्हती. एक.

घरी आले. फोन हातात घेऊन तास-दीड तास बसले. पुन्हा तेच, आतून तेच सुरू झालं. म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं? एकच तर आहे, एक म्हणजे काही नाही, गोळ्या वाढवल्या की थांबतो. दोन वर्षं खोटं बोलले ते कळेल. आणखी एक शून्य सांगितला तर कुणाचं काय बिघडतं? मग मी फोन लावला.

तिकडून टकटक झाली. मी "आहे" म्हटलं.

"नंबर सांग."

"एक आहे, सर. डाव्यात. आणि आधीचे शून्य खोटे होते. मी तपासलंच नव्हतं."

पलीकडून काहीच आलं नाही. पंख्याचा आवाज, लांब कुठे काकूंच्या भांड्यांचा. मी थांबले, आणखी थांबले. मला भीती वाटली की मी आज खरं बोलून या माणसाचं काहीतरी मोडलं. मग माझं बोट आपोआप उचललं गेलं आणि मी फोनवर नखानं टकटक केली. एकदा, दोनदा, तीनदा.

"आहे," सर म्हणाले. आवाज ओला होता. "आहे मी, पोरी. डॉक्टरकडे कवा जातेस, थे सांग."

मी म्हटलं, सोमवारी. आणि सोमवारी गेले.